पिण्याचे पाणी, वाहते पाणी

गेल्या उन्हाळ्यात देवासला आप्तांकडे आमचा चार दिवस मुक्काम होता. घरातील आठवीतली नात इंग्रजी व्याकरण मांडीवर घेऊन रडकुंडीस आली होती. "आजोबा, ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहणारे पाणी, तर मग ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिणारे पाणी का नाही?" मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी नेमका होता.

आम्ही विचारले, "बाळ, माठात भरतो त्या पाण्याला घरात काय म्हणतेस?" ती म्हणाली, "पिण्याचे पाणी." "आणि नदीचे?" "वाहते पाणी." उत्तर तिच्याच तोंडी होते! इंग्रजीत दोन्हीकडे ‘इंग’ हा एकच प्रत्यय दिसतो. मराठी मात्र दोन वेगळी रूपे वापरते. ‘पिणे’ हे धातुसाधित नाम, म्हणजे इंग्रजीतील जेरंड. ‘वाहते’ हे धातुसाधित विशेषण, म्हणजे पार्टिसिपल. १९९० साली ज्या देवासला आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथील माणसांस पिण्याच्या पाण्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

मग मुलीस गोडी लागली. ‘बॉइलिंग वॉटर’ म्हणजे उकळते पाणी, ‘बॉइल्ड वॉटर’ म्हणजे उकळलेले; एकात क्रिया चालू आहे, दुसऱ्यात ती संपली आहे. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक’ म्हणजे तो पिण्यासाठी थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग’ म्हणजे त्याने पिणे थांबविले. पहिल्यात ‘टू’ लागून आलेले इन्फिनिटिव्ह हेतू सांगते, दुसऱ्यात जेरंड हे कर्म होते. धातूपासून निघालेली ही रूपे नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करतात. वाक्य पुरे करणारे क्रियापद मात्र निराळेच लागते.

एका ठिकाणी मात्र मराठीवर विसंबून चालत नाही. ‘घरी येताना पाऊस लागला’ हे आपले वाक्य निर्दोष आहे. येणारा कोण, हे ऐकणारा जाणतो. तेच शब्दशः ‘कमिंग होम, द रेन बिगॅन’ असे लिहिले, की इंग्रजीत पाऊसच घरी येऊ लागतो! अशा शब्दसमूहाचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा, असा तेथील दंडक आहे. आपल्याकडे हा दंडक ‘ऊन’ प्रत्ययास बहुधा लागू पडतो. ‘घरी येऊन मी जेवलो’ यात येणारा आणि जेवणारा एकच. म्हणून मुलीस ‘ॲज आय वॉज कमिंग होम’ असे लिहावयास सांगितले.

परतताना आम्ही वाट वाकडी करून धारला गेलो. तेथील भोजशाळा–कमाल मौला वास्तूत नागाच्या वेटोळ्यांत कोरलेले परमारकालीन शिलालेख आहेत. त्यांत संस्कृत वर्णमाला आहे आणि नामांस व धातूंस लागणारे प्रत्ययही आहेत. स्वतः भोजराजाच्या नावावर ‘सरस्वतीकण्ठाभरण’ हा व्याकरणग्रंथ आहे. पुढे १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध करणारे मोरो केशव दामले यांनीही काही काळ आपल्या शेजारच्या उज्जैनीस अध्यापन केले. माळव्याची माती व्याकरणास परकी नाही.

आमची खंत निराळी आहे. आपल्या घरांतून ‘मला जायचे आहे’, ‘मला जावे लागेल’, ‘मला जावेसे वाटते’ या तीन छटा पुसट होत चालल्या असून त्यांच्या जागी ‘मला जाणे आहे’ एवढेच ऐकू येते. हिंदी आपली शेजारीण आहे, तिच्याशी आपले वैर नाही. पण घरातील भेद विसरलेल्या मुलास परक्या भाषेतील भेद कशाच्या आधारे कळणार? पालक म्हणतात, मराठीला वेळ दिला तर इंग्रजी मागे पडेल. आमचा अनुभव उलट आहे.

तेव्हा मूल इंग्रजीचे वाक्य घेऊन आले, तर आधी विचारावे, "हे आपण घरी कसे म्हणतो?" त्या मुलीने निघताना आमच्या हाती तांब्या देत म्हटले, "आजोबा, हे उकळलेले, गाळलेले, पिण्याचे पाणी." आम्ही ते मोठ्या समाधानाने प्यालो.