इंद्रावतीच्या काठाने एक प्रहर

वाचकहो, घरात गुडघेदुखीने त्रासलेली आजी आणि क्षणभरही एका जागी न ठरणारा नातू असला, म्हणजे दोघांनाही मानवेल असे सहलीचे ठिकाण शोधणे किती अवघड असते, हे आपण जाणताच. भिलाईच्या पॉवर हाऊस भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणि नागपूरकडून त्यांच्याकडे दिवाळीला जाणाऱ्या पाहुण्यांना आम्ही या वेळी बस्तरमधील चित्रकोटचा धबधबा सुचवीत आहोत.

प्रवास लांबचा आहे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे. धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, कोंडागाव असे करीत सडकेने जगदलपूर गाठावयास सुमारे ३०० किलोमीटर पडतात. तेथे मुक्काम करावा आणि सकाळी लवकर उरलेले ३८ किलोमीटर तोडावे.

चित्रकोटला इंद्रावती नदी सुमारे ३० मीटर खाली कोसळते. कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला असून भर पावसाळ्यात पाण्याचा पट ३०० मीटरांपर्यंत रुंदावतो. उंचीच पाहावयाची तर कांगेर खोऱ्यातील तीरथगडचा प्रपात याच्या तिप्पट भरेल. परंतु तेथे पायऱ्या पुष्कळ. आजींना वरूनच समाधान मानावे लागेल. चित्रकोटला काठावरची वाट बहुतांशी सपाट आहे. वाहनातून उतरल्यावर प्रथम केवळ घनगंभीर नाद कानी येतो, मग गार तुषार तोंडावर येतात, आणि कठड्यापाशी पोहोचताच सारा प्रपात एकदम दृष्टीस पडतो. घाई करू नये. काठाने सावकाश चालत जावे, मध्ये बसावे, पुन्हा चालावे. नाल वळलेला असल्यामुळे दर शंभर पावलांवर धारांची मांडणी निराळी दिसते. तरुण मंडळींनी पायऱ्यांनी खालच्या डोहापर्यंत उतरावे. पाणी शांत असेल तेव्हा नावाडी तुषारांजवळ नेऊन आणतात.

श्रावण-भाद्रपदात पाणी मातीने तांबूस होते आणि त्याचे रूप रौद्र असते. आमचे मत विचाराल तर कार्तिक बरा. तेव्हा पाणी निवळलेले असते आणि भरपूरही असते.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे. पाणी ओसरले की कड्यावरचे सपाट खडक उघडे पडतात आणि मुलांना ते घरच्या अंगणासारखे वाटू लागतात. त्यांवरचे शेवाळ डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मुलाचा हात सोडू नये. छायाचित्रासाठी तर मुळीच नाही.

वैशाखात जाण्याचा बेत असेल तर तो पुढे ढकलावा. २०१९ च्या उन्हाळ्यात हा धबधबा जवळजवळ आटला होता, आणि बस्तरच्या नागरिकांनी इंद्रावती वाचवा म्हणत नदीकाठाने पदयात्रा काढली होती. नदी ओडिशातून येते. सीमेपाशी तिचे बरेचसे पाणी जोरा नाल्याकडे वळून शबरी नदीला जाते, आणि त्याच्या वाटपाचा प्रश्न दोन्ही राज्यांमध्ये वर्षानुवर्षे रेंगाळला आहे. भिलाईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. धमतरीजवळ वाटेत लागणाऱ्या गंगरेल धरणाचे पाणी त्यांच्याच पोलाद कारखान्यालाही पुरविले जाते. अडविलेल्या पाण्यावर किती जणांचा डोळा असतो, हे त्यांना ठाऊक आहे. परतताना तेथे थोडे थांबावे आणि मुलांना दोन्ही पाण्यांची गोष्ट सांगावी.

बरोबर नकाशाही असू द्यावा. चित्रकोटचे हेच पाणी पुढे गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरून भामरागडजवळून वाहते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरपाशी गोदावरीला मिळते. नाशिककडून आलेली गोदावरी आणि आपण काठाने पाहिलेली इंद्रावती कोठे भेटतात, ते नातवाने बोटाने दाखवावे आणि आजींनी चष्मा लावून पाहावे.