आधी ताट, मग बल्य औषध

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की आपल्या चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत एक मागणी हमखास होते : "मुलगा खेळतो, ताकदीसाठी काहीतरी द्या." आपण सवयीने अश्वगंधा, च्यवनप्राश किंवा एखादा लोहकल्प देतो आणि पालक समाधानाने परततात. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले. त्यातील चूक ध्यानी आली ती कबड्डी खेळणाऱ्या एका पंधरा वर्षांच्या मुलीमुळे.

लवकर दम लागणे, पिंडऱ्यांत गोळे येणे आणि तीन महिने रजःप्रवृत्ती बंद, अशी तिची लक्षणे होती. दोन महिने बल्य चिकित्सा करूनही उपशय मिळेना. अखेर तिची दिनचर्या तासागणिक लिहून घेतली. पहाटे साडेपाचला केवळ चहा घेऊन मैदान, तेथून परस्पर शाळा, दुपारी एक वाजता दोन पोळ्या व बटाट्याची भाजी, सायंकाळी पुन्हा सराव. हे उपासमारीचे चित्र होते, आणि ते मी पहिल्याच दिवशी विचारावयास हवे होते. सरावापूर्वी केळे, सराव संपताच दूध व शेंगदाण्याचा लाडू, डब्यात उसळ किंवा अंडे एवढा बदल केला. तिसऱ्या महिन्यात रजःप्रवृत्ती पूर्ववत झाली.

वाग्भटांनी व्यायामाचा अधिकार बलवान व स्निग्ध भोजन करणाऱ्यासच दिला आहे, तोही अर्धशक्तीपर्यंत. अतिव्यायामाच्या परिणामांत चरकांनी क्षय सांगितला आहे. व्ययाच्या मानाने आहार अपुरा पडल्यास रजःप्रवृत्ती, अस्थी व व्याधिक्षमत्व यांची हानी होते, हे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेही 2014 मध्ये स्वतंत्रपणे मांडले. खेळाडूस दर किलो वजनामागे दररोज सुमारे 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने लागतात; म्हणजे 50 किलोच्या मुलास किमान 60 ग्रॅम. दोन पेले दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि 50 ग्रॅम हरभरे यांतून सुमारे 45 ग्रॅम मिळतात. उरलेली वरण-भात-पोळी पुरवते. त्यासाठी महागड्या पावडरीचा डबा लागत नाही.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. "आयुर्वेदिक आहे, अपाय नाही" हे वाक्य खेळाडूच्या बाबतीत आपण उच्चारूच नये. अग्निमांद्यासाठी आपण सहज देतो त्या अग्नितुंडी वटीत कुचला असतो आणि त्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्य आहे. श्वासासाठी वापरल्या जाणाऱ्या सोमकल्पातील एफेड्रीनही ठरावीक प्रमाणापलीकडे निषिद्धच. चाचणीत दोष सापडल्यास जबाबदारी खेळाडूवरच येते. औषध कोणी दिले, हा बचाव सहसा पुरत नाही. आपल्या एका चिठ्ठीपायी एखाद्या मुलाची अनेक वर्षांची मेहनत मातीमोल होऊ शकते.

म्हणून व्यवसायबंधूंना नम्र सूचना अशी की, खेळाडू समोर येताच प्रथम तीन प्रश्न विचारावेत : सरावापूर्वी काय खातोस, सरावानंतर किती वेळाने खातोस, आणि स्पर्धा केव्हा आहे? औषधी दुकानदारांनीही घटकद्रव्ये न छापलेली 'शक्तिवर्धक' चूर्णे अल्पवयीनांना विकू नयेत. त्या विक्रीत चार पैसे सुटतात, हे मान्य. परंतु आहार हा त्रयोपस्तंभांतील पहिला उपस्तंभ आहे, असे शिकलेल्या आपणच त्याचा विसर पडू दिला, तर पालकांनी तो कोणाकडून शिकावा?