स्वस्तातली मोठी गाडी: आधी हिशोब, मग इसार



सोयाबीनचे पैसे आले की जुनी फॉर्च्युनर, पजेरो, एंडेव्हर डोळ्यांत भरते. दिल्लीत १० वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण घ्यायला स्वस्त म्हणजे सांभाळायला स्वस्त नव्हे.

महिन्याला १००० किमी फिरलात आणि लिटरला १० किमी पडले, तर १०० लिटर डिझेल. गाडी जुनी असली तरी टायर, क्लच, इंजेक्टर नव्या गाडीच्याच भावाने. एंडेव्हरवाल्या फोर्डने तर २०२१ मध्येच भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तरी घ्यायचीच असेल तर:
✅ परराज्यातली असेल तर एनओसी (फॉर्म २८), कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, विमा, थकीत चलन बघा.
✅ एमएच-४४ पासिंग व रोड टॅक्स किती लागेल ते आरटीओत आधी विचारा.
✅ ओळखीचा मेकॅनिक न्या, फोर-व्हील टाकून चालवून बघा.

आमचं मत: शेतात, बाजाराला, लातूरला जायला साधी गाडी बास. दारात मोठी गाडी अन् पेरणीला उधारी, असं होऊ देऊ नका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, अंबाजोगाई