बेटावरचा बंगला भाड्यानं मिळतो, पण जमीन कुणाची?



दिवाळीच्या आसपास आमच्या अंबाजोगाईत पेपरच्या घडीतून सहलींची पत्रकं येतात. अंदमान, पाच रात्री सहा दिवस. निळं पाणी, नारळाची झाडं, वाळूला लागून लाकडी बंगला, भाडं रात्रीच्या हिशोबानं. त्याच दिवसांत आमच्या बीड जिल्ह्यातली कुटुंबं लेकराबाळांसह ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढतात. त्यांनाही घर सोडून लांब राहायचं असतं. पण पालात, आणि उचल फिटेपर्यंत.

कुणी सुट्टीला जाऊ नये असं आमचं म्हणणं नाही. जावं, समुद्र बघावा. आमचा सवाल दुसरा आहे. भाडं तोच घेऊ शकतो ज्याच्या नावावर कागद आहे. मग बेटावर कागद कुणाच्या नावावर झाला, आणि तिथं आधी राहणाऱ्यांचं काय झालं?

इंग्रजांनी १८५८ साली अंदमानात कैद्यांची वसाहत बसवली. जंगल तोडलं तसे अंदमानी आदिवासी धनुष्यबाण घेऊन उठले. १८५९ साली अॅबरडीनला लढाई झाली. बंदुकीपुढं ते हरले, मग रोगराईनं गावंच्या गावं गेली. तेव्हा ते हजारोंनी होते, आज शंभरही उरले नाहीत. मराठी पाहुणे सेल्युलर जेल बघतात, सावरकरांच्या कोठडीपुढं हात जोडतात. पण ज्यांचं जंगल तोडून ती वसाहत उभी राहिली त्यांचं नाव किती जण घेतात?

१९२६ साली इंग्रजांनी उत्तरेकडच्या भातू लोकांना ‘गुन्हेगार जमात’ म्हणून तिथं नेऊन बसवलं. १८७१ च्या कायद्यानं सुरू झालेला हाच शिक्का पुढं आम्हा पारध्यांच्याही कपाळावर बसला. तो १९५२ साली पुसला म्हणतात. पोलीस ठाण्यात अजून दिसतो.

आता आजचं बघा. जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून मोठा रस्ता काढला. सुप्रीम कोर्टानं २००२ साली सांगितलं, हा रस्ता तिथं बंद करा. बंद झाला नाही. पाहुण्यांच्या गाड्यांचे ताफे चालूच राहिले. २०१२ साली जगानं चित्रफीत पाहिली, जारवा बायांना खाण्याचं आमिष दाखवून नाचायला लावलं होतं. माणसाला जत्रेतल्या माकडासारखं करून टाकलं.

त्याच्या खाली ग्रेट निकोबार बेट. २००४ च्या त्सुनामीत निकोबारी लोकांची किनाऱ्यावरची गावं गेली. सरकारनं त्यांना दुसरीकडं वसाहतीत नेऊन ठेवलं. तेव्हापासून ते म्हणतात, आम्हाला आमच्या जुन्या जागी जाऊ द्या. तिथं जाऊ दिलं नाही. पण २०२२ साली त्याच बेटावर मोठं बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि शहर उभारायला मंजुरी दिली. पाहुण्यांचीही सोय त्यात आहे. त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार आणि भरपाईची झाडं हरियाणात लावणार! आज बेटावर आठ हजारांच्या आसपास माणसं, उद्या साडेतीन लाख करायचा बेत. जंगलातले शोंपेन आदिवासी दोन-तीनशे. त्यांच्या वाट्याला काय उरणार?

निकोबारींच्या आदिवासी परिषदेनं आधी ना-हरकत दिली होती. ती त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये परत घेतली. आमची जुनी गावं यात जातात हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं त्यांनी लेखी कळवलं. म्हणजे घरमालकाला परत जाता येत नाही, आणि पाहुण्यासाठी विमानतळ!

अंदमान लांब आहे, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. आमच्या जिल्ह्याला पाचवी अनुसूची नाही, पेसा नाही. जंगल थोडं, गायरान हाच आधार. आमचे बाप-आजे ते कसत आले. तलाठ्यानं दंड लावला, पावती फाडली, गाव नमुना १-ई ला ‘अतिक्रमण’ म्हणून नोंद केली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं भूमिहीनांच्या नावे करायचा शासन निर्णय १९९१ सालचा आहे. तरी कितीतरी घरांत अजून पावतीच आहे, सातबारा नाही. पिढ्यान्‌पिढ्या राहणारा अतिक्रमणदार, आणि दोन रात्री राहणाऱ्याला दहा मिनिटांत पक्की पावती. हा कुठला न्याय?

आणि आता भाड्याची गोष्ट आपल्या दारात आलीय. सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं, की आदिवासींना आपली जमीन थेट खाजगी लोकांना भाडेपट्ट्यानं देता येईल असा कायदा आणू. आज जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ आडवं आहे. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाडेपट्ट्यानंही देता येत नाही. हे कुंपण आपल्या सोयीसाठी काढतोय असं सांगतात.

काही भाऊ म्हणतात, पडीक जमीन आहे, चार पैसे घरबसल्या येतील, वाईट काय? भावांनो, हिशोब नीट करा. सातबाऱ्यावर नाव आपलंच राहील, पण कुंपण त्याचं, बोअर त्याचा, फाटकाची चावी त्याची. तीस वर्षांचा करार म्हणजे पोराची उमेद त्यात गेली. करार संपल्यावर सिमेंटचा बंगला कोण उचलून नेणार? आणि त्या बंगल्यावर रखवालदार म्हणून आपलाच पोरगा उभा असेल, साहेबाला सलाम ठोकत.

म्हणून आमचं सांगणं असं:

कोऱ्या बाँडपेपरवर सही-अंगठा देऊ नका. जंगलात, पाड्यावर रिसॉर्ट, बंगला, फार्महाऊस काढायला कुणी आला तर त्याला एकट्यानं घरात भेटू नका, ग्रामसभेपुढं उभा करा. कागद मराठीत आणि तुमच्या बोलीत मोठ्यानं वाचून घ्या.

वनहक्काचे वैयक्तिक आणि सामूहिक दावे भरा, पोच घ्या. वनहक्काची जमीन वारसाला मिळते, ती विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, हे घराघरांत सांगा. गायरानवाल्यांनी दंडाच्या पावत्या आणि १-ई चा उतारा जपून ठेवावा, झेरॉक्स काढून संघटनेकडं द्यावी.

आणि पाहुणा येतच असेल तर ग्रामसभेनं ठरवावं, किती, कुठं, कोणत्या नियमानं. जेवण आपल्या चुलीवरचं, पैसा आपल्या गावाचा. पाहुण्याला भाकर द्यायला आम्ही कधी नाही म्हटलं नाही, पण त्यानं घराचं मालक होऊ नये.

ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ साली खाणीच्या कंपनीला एकापाठोपाठ एक नाही म्हटलं, आणि डोंगर राहिला. निकोबारचे भाऊ आज तेच म्हणताहेत. त्यांचा समुद्र, आपलं गायरान, तुमचं जंगल, भांडण एकच आहे. येत्या ग्रामसभेत हे पत्रक वाचून दाखवा आणि भाडेपट्ट्याच्या कायद्याला विरोधाचा ठराव घ्या. ठरावाची प्रत तहसीलला द्या, एक आमच्याकडं पाठवा.

जमीन भाड्यानं देणार नाही! जंगल सोडणार नाही!