व्हिनेगरमध्ये उकळलेला कंद : श्रेय कोणाचे?

१/९
कोरियाच्या डोंगरउतारांवर वसंताच्या प्रारंभी एक नाजूक निळसर फूल उमलते. त्याचे कोरियन नाव ह्योनहोसेक, शास्त्रीय नाव कोरिडॅलिस. त्याचा मातीखालचा कंद शतकानुशतके वेदनाशामक म्हणून वापरात आहे. या कंदाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. ‘पूर्वजांना सारेच ठाऊक होते’ हे एक आणि ‘प्रयोगशाळेपूर्वी सारी अंधश्रद्धाच होती’ हे दुसरे. दोन्ही मते इतिहास अर्धाच वाचतात.

२/९
आधी ग्रंथांकडे वळू. १४३३ मध्ये राजा सेजोंगच्या काळात देशी औषधींचा मोठा संग्रह सिद्ध झाला. १५९६ मध्ये राजा सोन्जोने राजवैद्य हो जुन यांच्यावर नव्या ग्रंथाची जबाबदारी सोपवली. जपानी आक्रमणाने सहकारी पांगले, तरी १६१० मध्ये ‘डोंगुई बोगम’ पूर्ण झाला आणि १६१३ मध्ये छापला गेला. त्यात अनेक औषधींची बोलीतील नावे हंगुल लिपीत दिली होती. आपल्याच डोंगरातली वनस्पती सामान्य माणसाला ओळखता यावी, हा त्यामागचा हेतू.

३/९
पूर्व आशियाई वैद्यकात हा कंद अनेकदा व्हिनेगरमध्ये उकळून किंवा परतून घेत. आंबट रस औषधाला यकृताकडे नेतो, असे त्याचे कारण सांगितले जाई. हे कारण आधुनिक शास्त्राने स्वीकारले नाही. कृती मात्र टिकली.

४/९
ती का टिकली, याचे उत्तर रसायनशास्त्रात आहे. कंदातील परिणामकारक द्रव्ये म्हणजे अल्कलॉइड : नायट्रोजनयुक्त आणि बहुधा आम्लारीधर्मी. त्यांतील अनेक नुसत्या पाण्यात फारसे विरघळत नाहीत. आम्लाशी संयोग झाला की त्यांचे क्षार बनतात आणि ते पाण्यात सहज उतरतात. म्हणजे स्पष्टीकरण चुकले होते, निरीक्षण नव्हे.

५/९
प्रयोगशाळाही याच तत्त्वापासून आरंभ करते. अल्कलॉइड आम्लात उतरवायचे, आम्लारी घालून मुक्त करायचे, सेंद्रिय द्रावकात ओढून घ्यायचे आणि अखेर क्रोमॅटोग्राफीने एकेक वेगळे करायचे. कोरिडॅलीन आणि टेट्राहायड्रोपामाटिन ही या कंदातून अशी वेगळी झालेली द्रव्ये. वैद्याचे व्हिनेगर पहिल्या पायरीवर थांबले. पुढच्या पायऱ्यांचे श्रेय त्याला देणे म्हणजे इतिहासाची भलामण.

६/९
त्या पायऱ्यांनी काय दिले? हा कंद अफूच्याच कुळातला. परंतु २०१४ मध्ये कोरिडॅलिसच्या चिनी जातीतून मिळालेल्या डीहायड्रोकोरिबल्बीन या अल्कलॉइडने उंदरांतील वेदना कमी केल्या, त्या मॉर्फीनच्या वाटेने नव्हे, तर डोपामिनच्या ग्राहींमार्फत. असे उत्तर कोणत्याही काढ्यातून मिळाले नसते.

७/९
अलगीकरणाला दुसरी बाजूही आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील कोलोराडोत तीन बालकांना ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांतून गंभीर विषबाधा झाली. गोळीच्या वजनाचा तिसरा हिस्साहून अधिक भाग टेट्राहायड्रोपामाटिन होता आणि वेष्टनावर वनस्पतीचे नावही चुकीचे होते. नाव परंपरेचे, मात्रा कारखान्याची आणि जबाबदारी कोणाचीच नाही!

८/९
भारतालाही ही गोष्ट परकी नाही. मुंबईचे डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांच्या नोंदींसह जगापुढे मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पीन वेगळे झाले. सर्पगंधेला जगमान्यता मिळाली ती जुन्या पोथीच्या आधारावर नव्हे, मोजलेल्या रक्तदाबाच्या आधारावर.

९/९
परंपरा कुठे शोधावे ते सांगते. काय सापडले, किती द्यावे आणि कुठे थांबावे, हे अलगीकरण आणि चाचणी सांगतात. हो जुन यांनी वनस्पतींची नावे लोकांच्या लिपीत दिली, कारण औषध ओळखण्यात चूक झाली तर माणूस दगावतो हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा खरा वारसा त्या सावधपणात आहे. त्यांच्या ग्रंथाची पूजा करणारा आणि तो न उघडता हसणारा, दोघेही त्या वारशाला मुकतात.