डुकरं सरकारची, मग रायफल आमच्या पैशानं का?

स्पष्ट लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

मागच्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. "दादा, एक जुनी पॉइंट ३१५ भेटायली. तुम्ही येता का बघायला?" त्याच्याकडं आजोबांच्या वेळची बारा बोअर आहे, परवाना आहे. पण यंदा डुकरांनी एका रात्रीत अर्धा एकर ज्वारी आडवी केली, तेव्हापासून त्याच्या डोक्यात रायफल बसलीय.

गेलो. विकणाऱ्यानं तेल लावून रायफल चकाचक केलेली. भाऊ दस्त्याच्या पॉलिशवरच खूश. मी आधी ती रिकामी असल्याची खात्री केली, बोल्ट काढला आणि उजेडाकडं धरून नळीतून पाहिलं. आतले आटे झिजलेले, जागोजागी गंजाचे खड्डे. वरून नवरी, आतून म्हातारी.

ज्यांना कायद्यानं घ्यायचीच आहे त्यांनी एवढं बघा. नळीत आटे धारदार हवेत, कुठं फुगवटा नको. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली नको. बोल्टचे कान दोन्हीकडं सारखे टेकले पाहिजेत. बोल्टच्या मागं, दस्त्याच्या मानेजवळ चीर असेल तर हात जोडा आणि घरी या. काडतूस चेंबरमध्ये नीट बसतं का, हे डोळ्यानं कळत नाही, ते जाणकार कारागिरानं गेज लावूनच तपासायचं. नंबर परवान्याशी जुळतो का पहा. आणि खाजगीत सौदा करत असाल तर विकणाऱ्यानं जिल्हाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबायचं असतं. "आज पैसे द्या, आज घेऊन जा" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पण भावाला मी "घेऊ नको" म्हणालो ते नळीमुळं नाही. नवी कोरी असती तरी हेच म्हणालो असतो.

एक तर बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नाही. वन्यजीव कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये आहे. पिकाचं नुकसान होत असलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय मारलं तर डुक्कर राहतं बाजूला, गुन्हा आपल्यावर.

दुसरं, रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडंही जीव घेते. आपलं रान सपाट. डुक्कर येतं रात्री, त्याच वेळी शेजारचा मोटार चालू करायला निघालेला असतो, कुणी जागलीला माळ्यावर बसलेला असतो. ज्वारीत हललं ते डुक्करच, हे अंधारात कोण सांगणार?

तिसरं, निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. डुकरांना आचारसंहिता लागू नसते.

भाऊ म्हणाला, "मग काय करावं दादा? बघत बसावं?"

त्याचा प्रश्न खरा आहे आणि उत्तर त्यानं एकट्यानं द्यायचं नाही, हेच माझं म्हणणं आहे. कलम ३९ प्रमाणे मेलेलं रानडुक्करसुद्धा सरकारची मालमत्ता. मग जिवंत डुकरानं खाल्लेली ज्वारी कुणाची? १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला ठासणीची बंदूक लिहिलीय. म्हणजे कायद्यातला शेतकरी अजून बारुद ठासतोय, आणि पंचनाम्याला माणूस येईपर्यंत रानात बघायला काही उरत नाही. मग कुणी कुंपणात चोरून करंट सोडतो आणि सकाळी त्या तारेला घरचाच माणूस चिकटलेला सापडतो. अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात.

दुसरीकडं काय केलं ते बघा. बिहारमध्ये केंद्राच्या अधिसूचनेनंतर २०१६ साली सरकारनं हैदराबादचा नेमबाज बोलावून रोही मारले. त्यावर दिल्लीत मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. पद्धत चुकली असेल, पण गोळीची जबाबदारी सरकारनं घेतली. केरळनं २०२२ मध्ये पंचायतीच्या अध्यक्षांना रानडुकरं मारायची परवानगी द्यायचा अधिकार दिला. परवानाधारक माणूस, लेखी आदेश, नंतर विल्हेवाट. म्हणजे होऊ शकतं.

आमची मागणी एवढीच: परवानगी तालुक्यातच आणि ठरलेल्या मुदतीत मिळावी. वनखात्यानं प्रशिक्षित नेमबाजांची यादी करावी, काडतुसाचा खर्च सरकारनं करावा. पंचनामा वेळेत व्हावा. एकेकट्याच्या झटका मशीनऐवजी शिवाराला सामूहिक सौर कुंपण द्यावं.

आणि सभेत "शेतकऱ्याला बंदुकीचे परवाने देऊ" म्हणून टाळ्या घेणाऱ्या पुढाऱ्यांना एक विचारा: गोळी चुकली तर जेलात तुम्ही जाणार का?

भावानं रायफल घेतली नाही. दोन एकर सोयाबीनचे पैसे वाचले. पण काल रात्री डुकरं पुन्हा येऊन गेली, हेही खरं आहे. म्हणून सोमवारी आम्ही तहसीलला निवेदन घेऊन चाललोय. ज्यांचं रान उठलंय त्यांनी सातबारा आणि फोटो घेऊन या. नुसतं लाईक नको.