नकाशा झूम होतो, बांध नाही

पेरणी तोंडावर आली की बांधाचे वाद पुन्हा डोके वर काढतात. बीड जिल्ह्यातील धर्मापुरी असो वा दुसरे कोणतेही गाव, आता दोन्ही शेजाऱ्यांच्या हाती मोबाइल असतो. ‘महाभूनकाशा’ या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की शेताची आकृती समोर येते. ती नीट पाहायची कशी आणि तिच्यावर विसंबायचे किती, हे दोन्ही समजून घ्यायला हवे.

नीट कसे पाहाल?

मोबाइल आडवा धरा. पडद्यावर दोन बोटे ठेवून ती लांब न्या किंवा अधिकचे चिन्ह दाबा. एकदम खोल झूम करू नका. आधी शेजारचे गट, रस्ता, ओढा ओळखा, मग आपल्या गटाकडे या. नकाशा कुणाला पाठवायचा असेल तर स्क्रीनशॉट टाळा. ‘मॅप रिपोर्ट’ डाउनलोड करून व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा घटतो आणि मोठा केल्यावर आकडे पुसट होतात.

झूम कुठे थांबते?

पडद्यावरची रेघ हवी तेवढी मोठी करता येते, पण मूळ नकाशात नसलेला तपशील त्यातून निघत नाही. समजा, मूळ कागदी नकाशा १:५,००० प्रमाणात आहे. म्हणजे कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ५ मीटर. अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ अडीच मीटर जागा व्यापते. बांध १०० मीटर लांब असेल, तर नुसत्या रेघेखाली २५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडीच गुंठे जमीन येते. एवढ्या जमिनीसाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, कोर्टाच्या पायऱ्या झिजतात.

म्हणून मोबाइलवरचा नकाशा गटाचा आकार, शेजारी आणि रस्ता समजण्यासाठी वापरावा. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्यांसह हजर राहावे.

सरकारनेही एवढे करावे: प्रत्येक डिजिटल नकाशावर मूळ प्रमाण, मोजणीचे वर्ष आणि ‘हद्द ठरवण्यासाठी मोजणी करून घ्या’ ही सूचना ठळक मराठीत द्यावी. नकाशा घरोघरी पोहोचला, हे चांगलेच झाले. तो वाचायचा कसा, हेही त्याच्यासोबत पोहोचले पाहिजे.